फॅट सहा पॉइंट आठ

पहाटे साडेपाचला यंत्र चालू करतो.
धरणगावच्या अलीकडचं आमचं दूध संकलन केंद्र :
पत्र्याची खोली, एक ट्यूबलाइट, एक काटा, मी.
नळी दुधात बुडते आणि चाळीस सेकंद
रांगेतलं कोणी बोलत नाही.

चिंधाबाई, सहा पॉइंट आठ.
तिच्या ओठाचा कोपरा हलतो.
हिलालआप्पा, पाच पॉइंट दोन.
आप्पा आधी यंत्राकडे बघतो, मग माझ्याकडे,
मग म्हशीच्या सात पिढ्या काढतो.

वीस वर्षं हेच.
सरकीची पेंड चारली की आकडा चढतो,
आकडा चढला की भाव चढतो,
आणि भांडणात सगळ्यात वाईट शिवी म्हणजे
'तुझं दूध सपरेट!'
यावरून एकदा दोन सख्खे भाऊ
कॅन घेऊन एकमेकांच्या अंगावर धावले होते.

आणि मागच्या महिन्यात जळगावला
झोपे मॅडमच्या काट्यावर मी उभा राहिलो.
ब्याण्णव किलो चारशे.
मॅडमही चाळीस सेकंद बोलल्या नाहीत.
मग कागदावर लिहिलं :
साय बंद. तूप बंद.
दूध घ्यायचं तर सपरेट.

मी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली,
कोणी वाचेल म्हणून आतल्या खिशात.

पंधरा दिवस पाळलं.
चहा असा की कपाचा तळ दिसायचा.
अकराला पोटात कावळे.
त्यांना मी स्टँडसमोरची भजी चारली,
वर एक प्लेट जिलबी, कावळे बरेच होते.
पंधराव्या दिवशी काटा म्हणाला,
ब्याण्णव किलो नऊशे.

चिंधाबाई पऱ्हाटीच्या काडीसारखी.
कॅन उचलते तेव्हा वाटतं, कॅनच तिला उचलतोय.
रांग संपली होती, म्हणून तिला सांगून टाकलं,
साय बंद केलीय.
ती हसली नाही. म्हणाली,
"दादा, साईले कशाले बोल लावस?
दिनभर बठस ना, त्या खुर्चीले इचार."

मी विचारलं, तू खातेस का साय?
"गुरुवारना सांजनं दूध घरमा ठेवस.
पोरंस्ले."
मग जरा थांबून,
"माले बी."

ती गेल्यावर रजिस्टर उघडलं.
चिंधाबाईच्या नावापुढे
दर गुरुवारची संध्याकाळ कोरी.
मागचं वर्ष काढलं, त्याच्या मागचं काढलं.
कोरी, कोरी.
बाकीच्या तेरा वेळा ती साय विकते.
मी विकत घेऊ शकतो, म्हणून मला मनाई आहे.
हे वाक्य मी दोनदा मनात म्हणून पाहिलं,
दोन्ही वेळा नीट बसलं नाही.

पुन्हा जळगाव.
भजीचं सांगितलं, जिलबीचं अर्धं सांगितलं.
मॅडमनी चष्मा काढला.
"सायीबद्दल आमच्यातही एकमत नाही," म्हणाल्या,
"कोणाचं पोट त्यानं भरलेलं राहतं, कोणी वाडगंभर खातो.
उष्मांक मात्र कोणाला सोडत नाहीत.
तुम्ही तर मोजणारे आहात ना?"
'साय बंद' वर रेघ मारून लिहिलं :
दही, एक वाटी, सायीसकट. साखर नाही.
खाली : रोज चार किलोमीटर.
त्याखाली दोनदा अधोरेखित : भजी.

आता दुपारी दादरच्या भाकरीबरोबर ती वाटी असते.
पहिल्या दिवशी मी ती केंद्राच्या काट्यावर ठेवली,
एकशेवीस ग्रॅम,
आणि आजूबाजूला कोणी नाही ना, पाहिलं.
अकराचे कावळे आता दीडला येतात.
कधी येतात, कधी नाही.
महिन्यात एक किलो शंभर उतरलं.
त्यातलं सायीनं किती, चालण्यानं किती,
आणि भजीवाल्याच्या मुलीच्या लग्नानं किती,
दुकान आठ दिवस बंद होतं,
हे सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही.

आज गुरुवार.
संध्याकाळची रांग संपते.
चिंधाबाईची ओळ कोरी सोडून
मी बेरीज मांडतो, नळी गरम पाण्यानं धुतो.
बोटांवर चिकट पातळ थर राहतो,
साबणानंही पटकन जात नाही.

तिच्या घरी या वेळी
दूध चुलीवर असेल,
आणि कोणीतरी सायीसाठी भांडत असेल.
आकडा मला माहीत आहे.